घरगुती ध्वनिक्षेपकासाठी सक्रिय क्रॉसओव्हर : तत्त्व, रचना आणि पडताळणी

गोषवारा

दोन किंवा अधिक स्पीकर असलेल्या ध्वनिक्षेपकात ध्वनिसंकेताची विभागणी करणाऱ्या मंडलास क्रॉसओव्हर म्हणतात. ही विभागणी ॲम्प्लिफायरच्या आधी, कमी शक्तीच्या पातळीवर केली असता त्यास सक्रिय क्रॉसओव्हर असे संबोधले जाते. प्रस्तुत लेखात सक्रिय क्रॉसओव्हरचे तत्त्व, चतुर्थ कोटीच्या लिंकविट्झ-रायली फिल्टरची निवड, २ किलोहर्ट्झसाठी प्रत्यक्ष मंडलाची आखणी, जोडणीतील दक्षता आणि पडताळणीची पद्धत यांचे विवेचन केले आहे. पदवी स्तरावरील प्रकल्पासाठी हा विषय का उपयुक्त ठरतो, याचाही विचार केला आहे.

१. प्रस्तावना

पदवी वर्गाच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थी निम्नपारक आणि उच्चपारक फिल्टरची मंडले जुळवतात, वाचने घेतात, अर्ध-लॉग कागदावर आलेख काढतात आणि छेद वारंवारता नोंदवून प्रयोगवही सादर करतात. सूत्रातून आलेले उत्तर आणि आलेखावरून आलेले उत्तर जुळले की प्रयोग संपतो. त्या फिल्टरचा प्रत्यक्ष परिणाम विद्यार्थ्याच्या कानावर कधीच पडत नाही. फिल्टर केवळ संकेताची पातळी कमीजास्त करत नाही, तर त्याची कलाही बदलतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. परंतु कलेतील बदलाने काय बिघडते, हे मात्र अनुभवास येत नाही.

घरी किंवा प्रयोगशाळेत तयार केलेल्या ध्वनिक्षेपकासाठी सक्रिय क्रॉसओव्हर बांधणे हा ही उणीव भरून काढण्याचा एक चांगला मार्ग होय. त्यासाठी लागणारे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अथवा पुण्याच्या बुधवार पेठेत सहज मिळतात. मंडलाचे गणित पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे. शिवाय चूक झाल्यास ती ऐकू येते आणि मोजताही येते.

२. विभागणीची गरज

फिरत्या वेटोळ्याच्या थेट प्रसारण करणाऱ्या आधुनिक ध्वनिक्षेपकाचा पाया चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत केलेल्या व १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या कामाने घातला. मानवी श्रवणाची मर्यादा साधारणतः २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ मानली जाते. या टोकांवरील तरंगलांबी अनुक्रमे सुमारे १७ मीटर आणि १.७ सेंटिमीटर भरते. खर्जासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून मोठा आणि लांब हेलकावा घेणारा शंकू हवा. तार ध्वनीसाठी अत्यंत हलका आणि लहान पडदा हवा. एकाच स्पीकरकडून ही दोन्ही कामे उत्तम रीतीने होणे कठीण असते. म्हणून खालच्या वारंवारता वूफरकडे आणि वरच्या वारंवारता ट्वीटरकडे सोपवल्या जातात.

परंतु ही विभागणी म्हणजे वाद्यांची वाटणी नव्हे. तंबोऱ्याचे उदाहरण घेऊ. तारेचा मूळ स्वर सुमारे १३० हर्ट्झचा असला, तरी जवारीमुळे तिच्यातून उपस्वरांची दीर्घ माला निघते. तंतुवाद्यांच्या या वैशिष्ट्याकडे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भौतिकशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. १३० हर्ट्झच्या स्वराचा पंधरावा उपस्वर १९५० हर्ट्झवर येतो. क्रॉसओव्हर २ किलोहर्ट्झवर ठेवला, तर या एकाच तारेचे पहिले उपस्वर वूफरमधून, वरचे उपस्वर ट्वीटरमधून आणि पंधराव्याच्या आसपासचे दोहोंतून एकाच वेळी बाहेर पडतात. एकच नाद दोन मुखांतून यावा आणि तरीही तो एकच वाटावा, ही क्रॉसओव्हरची खरी कसोटी होय.

३. निष्क्रिय आणि सक्रिय क्रॉसओव्हर

बाजारातील बहुतेक घरगुती ध्वनिक्षेपकांत विभागणीचे मंडल ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये असते. त्यात कपॅसिटर, वेटोळी आणि रेझिस्टर एवढेच घटक असतात व त्यास वेगळा विद्युतपुरवठा लागत नाही. म्हणून ते निष्क्रिय होय. ते स्वस्त आहे, एकाच ॲम्प्लिफायरवर चालते आणि नीट आखले तर चांगले कामही करते. तथापि त्याच्या तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण अशी की, सूत्रे स्पीकरचा संरोध स्थिर धरतात. पेटीवर ८ ओहम लिहिलेले असले, तरी अनुस्पंदनाच्या वारंवारतेजवळ वूफरचा संरोध त्याच्या कित्येक पट होतो आणि पुढे वेटोळ्याच्या प्रवर्तकत्वामुळे तो पुन्हा चढत जातो. ८ ओहमच्या रेझिस्टरवर अचूक चालणारा फिल्टर प्रत्यक्ष स्पीकरवर वेगळाच वागतो. दुसरी अडचण घटकांच्या आकाराची आहे. २ किलोहर्ट्झ आणि ८ ओहम यांसाठी द्वितीय कोटीच्या लिंकविट्झ-रायली फिल्टरला सुमारे ५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १.२७ मिलिहेन्रीचे वेटोळे लागते. वेटोळ्याच्या तारेचा स्वतःचा रोध वूफरच्या मालिकेत येतो, त्यात शक्ती वाया जाते आणि शंकूवरील ॲम्प्लिफायरची पकड सैल होते. तिसरी अडचण अशी की, वूफर आणि ट्वीटर यांची संवेदनक्षमता निराळी असल्यास ट्वीटरची जादा शक्ती रेझिस्टरमध्ये जाळावी लागते.

सक्रिय पद्धतीत विभागणी ॲम्प्लिफायरच्या आधी होते. प्रत्येक स्पीकरला स्वतःचा ॲम्प्लिफायर मिळतो आणि त्या दोहोंमध्ये केवळ तार उरते. फिल्टरवरील भार ॲम्प्लिफायरच्या प्रवेश रोधाइतका, म्हणजे हजारो ओहमचा आणि स्थिर असतो. त्यामुळे गणिताने मिळालेले मूल्य मंडलातही मिळते. कपॅसिटर मायक्रोफॅरडऐवजी नॅनोफॅरडमध्ये येतात आणि वेटोळी लागतच नाहीत.

शक्तीच्या दृष्टीनेही एक लाभ आहे. समजा, खर्जाच्या संकेताचे शिखर २० व्होल्ट आणि तार संकेताचे शिखरही २० व्होल्ट आहे. एकाच ॲम्प्लिफायरमधून दोन्ही जाताना शिखरे एकत्र आल्यास त्याला ४० व्होल्टपर्यंत पोहोचावे लागते. ८ ओहमवर ४० व्होल्ट शिखराची ज्या तरंग म्हणजे १०० वॅट. विभागणी आधी केली, तर प्रत्येक ॲम्प्लिफायरला २० व्होल्ट, म्हणजे २५ वॅट पुरतात. संगीतात तार वारंवारतांची पातळी सहसा खर्जाहून बरीच कमी असते. त्यामुळे प्रत्यक्ष लाभ या उदाहरणाइतका नसतो, पण दिशा हीच असते. शिवाय खर्जाचा ॲम्प्लिफायर क्षमतेबाहेर गेला, तरी त्यातून उपजणारे उपस्वर ट्वीटरपर्यंत पोहोचत नाहीत.

या लाभांची किंमतही सांगितली पाहिजे. ॲम्प्लिफायरची संख्या दुप्पट होते, जोडण्या वाढतात आणि ट्वीटर कोणत्याही आडोशाविना ॲम्प्लिफायरला जोडला जातो. हा शेवटचा मुद्दा सर्वांत धोक्याचा असून त्याचा विचार सहाव्या भागात केला आहे.

४. फिल्टरची निवड : कलेचा प्रश्न

फिल्टरच्या कोटीगणिक दर सप्तकास ६ डेसिबल क्षीणन मिळते. प्रथम कोटीचा उतार फार संथ असतो; ट्वीटरच्या अनुस्पंदनाजवळची शक्ती त्यामुळे पुरेशी अडवली जात नाही. म्हणून नवशिका द्वितीय कोटीच्या बटरवर्थ फिल्टरकडे वळतो. स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० साली मांडलेला हा फिल्टर आपल्या पारपट्ट्यात कमाल सपाट असतो. मात्र येथे एक सापळा आहे.

छेद वारंवारतेवर बटरवर्थच्या दोन्ही शाखा ३ डेसिबलने, म्हणजे ०.७०७ पट उतरलेल्या असतात. निम्नपारक शाखेची कला ९० अंशांनी मागे आणि उच्चपारक शाखेची ९० अंशांनी पुढे असते. कलांतर १८० अंश झाल्याने दोन्ही शाखा परस्परांना नष्ट करतात आणि छेद वारंवारतेवर खोल खड्डा पडतो. ट्वीटरच्या तारा उलट्या जोडल्या तर खड्डा जातो, पण ०.७०७ ची दुप्पट होऊन ३ डेसिबलचा उंचवटा येतो. प्रत्येक शाखा स्वतंत्रपणे निर्दोष असूनही त्यांची बेरीज सदोष ठरते, हा धडा वर्गात फार मोलाचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर झिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकातील शोधनिबंधात दिले. लिंकविट्झ (१९३५–२०१८) हे मूळचे जर्मन अभियंते होते. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत उच्च वारंवारतेची मापनयंत्रे तयार करणे हा त्यांचा व्यवसाय होता, तर ध्वनिक्षेपक हा त्यांचा छंद. सहकारी रस रायली यांच्या नावासह हा फिल्टर आज लिंकविट्झ-रायली म्हणून ओळखला जातो. छंदासाठी हाती घेतलेल्या कामातून अभियांत्रिकीचे प्रमाण मंडल निर्माण व्हावे, ही बाब प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे.

कल्पना साधी आहे. द्वितीय कोटीचे दोन समान बटरवर्थ फिल्टर एकापाठोपाठ एक जोडावेत. छेद वारंवारतेवर ०.७०७ चा वर्ग, म्हणजे ०.५, अर्थात ६ डेसिबलचे क्षीणन मिळते. कलाही दुप्पट होते. एक शाखा १८० अंशांनी मागे, दुसरी १८० अंशांनी पुढे. कलांतर ३६० अंश, म्हणजे दोन्ही शाखा समकला. अर्धा अधिक अर्धा बरोबर एक.

हे केवळ छेद वारंवारतेपुरतेच खरे आहे काय? छेद वारंवारता एकक मानून, वारंवारतेचे संमिश्र चल ‘स’ घेतले, तर दोन्ही शाखांच्या बेरजेचा छेद (स² + √२ स + १) या पदावलीचा वर्ग होतो आणि अंश स⁴ + १ होतो. आता

स⁴ + १ = (स² + √२ स + १)(स² − √२ स + १)

हे अवयव सर्वपरिचित आहेत. एक अवयव छेदातील एका अवयवाशी कटतो आणि बेरीज (स² − √२ स + १) भागिले (स² + √२ स + १) अशी उरते. हे सर्वपारक फिल्टरचे रूप होय. त्याचे परिमाण प्रत्येक वारंवारतेवर एक असते, केवळ कला सावकाश बदलते. म्हणजेच दोन्ही शाखा सर्वत्र समकला राहतात आणि बेरीज सपाट येते. शालेय बीजगणितातील अवयवांचा असा श्राव्य उपयोग क्वचितच आढळतो.

५. मंडलाची आखणी

प्रत्येक द्वितीय कोटीच्या टप्प्यासाठी सॅलन आणि की यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेली रचना सोयीची आहे. त्यात ऑप-ॲम्प एकक वर्धनाने चालतो, म्हणजे त्याचा निर्गम थेट ऋण प्रवेशास जोडलेला असतो.

निम्नपारक टप्प्यात प्रवेशापासून धन टोकापर्यंत दोन समान रेझिस्टर मालिकेत असतात. धन टोकापासून भूमीपर्यंत एक कपॅसिटर आणि दोन रेझिस्टरांच्या सांध्यापासून निर्गमापर्यंत त्याच्या दुप्पट मूल्याचा कपॅसिटर असतो. हे दुपटीचे प्रमाणच बटरवर्थ वर्तन देते. उच्चपारक टप्प्यात घटकांची अदलाबदल होते. दोन समान कपॅसिटर मालिकेत येतात, सांध्यापासून निर्गमापर्यंत एक रेझिस्टर आणि धन टोकापासून भूमीपर्यंत त्याच्या दुप्पट रेझिस्टर येतो. दोन्ही टप्प्यांची छेद वारंवारता १ भागिले (२π × √२ × रोध × धारिता) या एकाच सूत्राने मिळते. येथे रोध आणि धारिता म्हणजे दुप्पट न केलेली मूल्ये.

रोध १२ किलोओहम आणि धारिता ४.७ नॅनोफॅरड घेतल्यास छेद वारंवारता १९९५ हर्ट्झ येते. दुप्पट धारितेसाठी ४.७ नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर समांतर आणि दुप्पट रोधासाठी १२ किलोओहमचे दोन रेझिस्टर मालिकेत जोडावेत. असे केल्याने संपूर्ण फिल्टर केवळ दोन मूल्यांच्या घटकांत बसतो. एका बाजूच्या दोन निम्नपारक टप्प्यांना ४ रेझिस्टर आणि ६ कपॅसिटर, तर दोन उच्चपारक टप्प्यांना ६ रेझिस्टर आणि ४ कपॅसिटर लागतात. एकूण प्रत्येकी १०. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंस मिळून प्रत्येकी २०.

रेझिस्टर १ टक्का अचूकतेचे मेटल फिल्म प्रकारचे घ्यावेत. कपॅसिटर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असावेत. उच्च परावैद्युतांकाच्या सिरॅमिक चकत्यांची धारिता तापमानाबरोबर व व्होल्टतेबरोबर बदलते, म्हणून त्या येथे वर्ज्य समजाव्यात. कपॅसिटरची अचूकता ५ टक्के असेल, तर छेद वारंवारता १९०० ते २१०० हर्ट्झच्या दरम्यान कोठेही येऊ शकते. निरपेक्ष मूल्यापेक्षा दोन्ही शाखांचा मेळ महत्त्वाचा असल्याने जास्तीचे कपॅसिटर आणून, मीटरवर मोजून, जवळच्या मूल्यांचे गट करावेत. हे काम विद्यार्थ्यांसाठी सांख्यिकीचा छोटा पाठही ठरते.

ऑप-ॲम्प म्हणून एनई ५५३२ किंवा टीएल ०७२ चालतात. दोहोंत आठ पायांच्या एका चिपमध्ये दोन ऑप-ॲम्प असतात आणि पायांची मांडणी सारखीच असते. एनई ५५३२ चा गोंगाट कमी असून तो कमी रोधाचा भारही चालवू शकतो.

फिल्टरच्या आधी एक बफर टप्पा अनिवार्य आहे. सूत्रे स्रोताचा रोध शून्य धरतात. १० किलोओहमचा आवाज-नियंत्रक थेट फिल्टरला जोडला, तर मध्यभागी त्याचा निर्गम रोध २.५ किलोओहम होतो. तो पहिल्या १२ किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये मिळवला जाऊन त्यात सुमारे २१ टक्क्यांची वाढ होते. परिणामी आवाज कमीजास्त करताना फिल्टरचे वर्तनच बदलत राहते. बफरमुळे हा दोष दूर होतो. बफरच्या प्रवेशास १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत आणि धन टोकापासून भूमीपर्यंत १०० किलोओहमचा रेझिस्टर द्यावा. येथील छेद वारंवारता १.६ हर्ट्झ असल्याने श्राव्य भागास बाधा येत नाही. बफरसह प्रत्येक बाजूस पाच, म्हणजे एकूण दहा ऑप-ॲम्प लागतात; पाच चिप पुरतात.

वूफरची संवेदनक्षमता ८७ डेसिबल आणि ट्वीटरची ९१ डेसिबल असेल, तर वरच्या शाखेत ४ डेसिबल कमी करावे लागतात. शाखेच्या शेवटी ५६० ओहम मालिकेत आणि १ किलोओहम भूमीकडे जोडल्यास गुणोत्तर ०.६४ येते. २० किलोओहम प्रवेश रोधाचा ॲम्प्लिफायर जोडल्यावर ते ०.६३ होते, म्हणजे नेमके ४ डेसिबल. निष्क्रिय मंडलात यासाठी कित्येक वॅटचे रेझिस्टर तापले असते. येथे पाव वॅटचे पुरतात.

६. जोडणी आणि दक्षता

विद्युतपुरवठ्यासाठी १५-०-१५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, गाळणीचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि ७८१५ व ७९१५ हे नियामक घ्यावेत. गाळणीनंतर प्रत्येक बाजूस सुमारे २० व्होल्ट मिळतात, जे नियामकांना पुरेसे आहेत. ७८१५ आणि ७९१५ यांच्या पायांचा क्रम सारखा नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. छापील बाजू समोर धरली असता ७८१५ मध्ये डावीकडून प्रवेश, भूमी, निर्गम असा क्रम आहे, तर ७९१५ मध्ये भूमी, प्रवेश, निर्गम असा आहे. ७९१५ ची धातूची पाठ ऋण प्रवेशाशी जोडलेली असल्याने दोन्ही नियामक एकाच उष्णताशोषकावर अभ्रकाविना बसवू नयेत. प्रत्येक चिपच्या पुरवठ्याच्या पायांलगत १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर द्यावेत. २३० व्होल्टच्या बाजूस फ्यूज असावा आणि धातूची पेटी अर्थिंगला जोडलेली असावी. गुणगुण येते म्हणून अर्थिंगची तार काढून टाकण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. संकेताच्या भूमीच्या सर्व तारा एका बिंदूपाशी आणल्याने ती बहुधा आटोक्यात येते.

आता ट्वीटरच्या सुरक्षेविषयी. निष्क्रिय मंडलात मालिकेतील कपॅसिटर ट्वीटरचे आपोआप रक्षण करतो. सक्रिय मंडलात तो नसतो. ॲम्प्लिफायर सुरू करतानाचा धक्का, निर्गमावर आलेली एकदिश व्होल्टता किंवा तारांची अदलाबदल यांपैकी काहीही ट्वीटरचे नाजूक वेटोळे जाळण्यास पुरेसे आहे. प्रस्तुत लेखकाच्या देखरेखीखालील एका प्रकल्पात वूफर आणि ट्वीटर यांच्या तारा एकाच रंगाच्या होत्या. त्या उलट लागल्या, तबल्याच्या डग्ग्याचा पहिलाच घुमारा ट्वीटरला मिळाला आणि तो कायमचा मूक झाला. विद्यार्थ्यांची चूक म्हणण्यापेक्षा ती रंग न नेमून देणाऱ्या मार्गदर्शकाची होती. तेव्हापासून दोन शाखांना केवळ निराळे रंगच नव्हे, तर परस्परांत न बसणारी निराळी जोडपिने वापरण्याचा नियम पाळला आहे.

यावर उपाय म्हणून ट्वीटरच्या मालिकेत ४७ मायक्रोफॅरडचा ध्रुवविरहित कपॅसिटर ठेवावा. ८ ओहमवर त्याची छेद वारंवारता सुमारे ४२० हर्ट्झ येते. २ किलोहर्ट्झवर तो ट्वीटरची कला सुमारे १२ अंशांनी पुढे नेतो, ही बाब पुढील जुळणीत विचारात घ्यावी लागते. पहिली चाचणी ट्वीटर न जोडता, त्याच्या जागी ८ ओहमचा रेझिस्टर लावून करावी. सुरू करताना आधी क्रॉसओव्हर आणि नंतर ॲम्प्लिफायर, बंद करताना आधी ॲम्प्लिफायर आणि नंतर क्रॉसओव्हर, हा क्रम भिंतीवर लिहून ठेवावा.

ट्वीटरची निवड करताना त्याची अनुस्पंदन वारंवारता छेद वारंवारतेच्या निम्म्याहून अधिक नसावी. १ किलोहर्ट्झवर आपले मंडल २४.६ डेसिबल, तर ५०० हर्ट्झवर ४८ डेसिबल क्षीणन देते.

७. पडताळणी : आधी मंडल, मग हवा

पहिला टप्पा स्पीकरविना करावा. प्रवेशास १ व्होल्टचा ज्या तरंग देऊन दोन्ही शाखांचे निर्गम मोजावेत. वरच्या शाखेतील ४ डेसिबलचे विभाजन या वेळी वगळावे. अपेक्षित वाचने अशी :

५०० हर्ट्झ : निम्न शाखा ०.९९६ व्होल्ट, उच्च शाखा ०.००४ व्होल्ट
१००० हर्ट्झ : निम्न शाखा ०.९४१ व्होल्ट, उच्च शाखा ०.०५९ व्होल्ट
२००० हर्ट्झ : निम्न शाखा ०.५०० व्होल्ट, उच्च शाखा ०.५०० व्होल्ट
४००० हर्ट्झ : निम्न शाखा ०.०५९ व्होल्ट, उच्च शाखा ०.९४१ व्होल्ट
८००० हर्ट्झ : निम्न शाखा ०.००४ व्होल्ट, उच्च शाखा ०.९९६ व्होल्ट

प्रत्येक ओळीची बेरीज १ व्होल्ट येते. प्रत्यावर्ती व्होल्टतांची अशी सरळ बेरीज एरवी करता येत नाही. येथे ती करता येते, कारण दोन्ही शाखा समकला आहेत. ऑसिलोस्कोपच्या दोन वाहिन्यांवर त्या एकमेकींवर चपखल बसलेल्या दिसतात. द्वितीय कोटीचे बटरवर्थ मंडल शेजारी जुळवून तुलना केल्यास फरक लगेच ध्यानात येतो.

दुसरा टप्पा स्पीकरसह असतो आणि तेथे नवा प्रश्न उद्भवतो. मंडलात समकला असलेले संकेत श्रोत्यापर्यंत समकला पोहोचतीलच असे नाही. वूफरचा शंकू खोल असल्याने त्याचे ध्वनिकेंद्र ट्वीटरच्या मागे असते. हा फरक २.५ सेंटिमीटर धरला, तर २ किलोहर्ट्झच्या १७.२ सेंटिमीटर तरंगलांबीशी तुलना करता वूफरचा ध्वनी सुमारे ५२ अंशांनी मागे पडतो. याने किती बिघडते? समोरच्या अक्षावर बेरीज कलांतराच्या निम्म्या कोनाच्या कोज्येइतकी, म्हणजे ०.९० पट होते. घट १ डेसिबलहूनही कमी! येथे थांबल्यास सारे ठीक आहे असे वाटेल.

परंतु दोन्ही ध्वनी समकला होतील अशी दिशा आता समोर नसून खाली, वूफरच्या बाजूस सरकलेली असते. दोन स्पीकरांच्या केंद्रांतील अंतर १३.३ सेंटिमीटर असल्यास हा कल सुमारे ११ अंशांचा भरतो. अडीच मीटरवर बसलेल्या श्रोत्याच्या दृष्टीने ध्वनीचा मुख्य झोत त्याच्या कानाखाली जवळजवळ अर्धा मीटर जातो. लिंकविट्झ यांच्या निबंधाचे प्रतिपाद्य नेमके हेच होते. दोन स्पीकर एका जागी नसतात, म्हणून फिल्टरचा विचार अवकाशातील बेरजेसह केला पाहिजे.

हा दोष पकडण्याची सोपी युक्ती म्हणजे शून्य-चाचणी होय. ट्वीटरच्या दोन तारा मुद्दाम उलट्या जोडाव्यात, २ किलोहर्ट्झचा स्वर द्यावा आणि श्रोत्याच्या जागी मायक्रोफोन ठेवावा. सर्व काही जुळलेले असेल, तर दोन्ही ध्वनी परस्परांना नष्ट करतात. आता उरणारा ध्वनी कलांतराच्या निम्म्या कोनाच्या ज्येइतका असतो. ५२ अंशांच्या चुकीस पातळी फक्त ७ डेसिबलने उतरते. चूक ५ अंशांवर आणली, तर ती तत्त्वतः २७ डेसिबलने उतरते. सरळ जोडणीत जी चूक १ डेसिबलच्या आत लपते, ती उलट जोडणीत उघडी पडते. बंद खोलीत भिंतींच्या परावर्तनामुळे एवढी खोली मिळत नाही. म्हणून चाचणी मोकळ्या अंगणात किंवा मोठ्या सभागृहाच्या मध्यभागी, मायक्रोफोन एक मीटरवर ठेवून करावी.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पेटीचा पुढचा फळा मागे कलता करणे. दुसरा म्हणजे ट्वीटरच्या शाखेत प्रथम कोटीचे सर्वपारक मंडल घालणे. त्यात ऋण टोकास प्रवेश व निर्गम यांपासून समान रेझिस्टर, धन टोकास प्रवेशापासून एक रेझिस्टर आणि भूमीकडे एक कपॅसिटर असतो. खालच्या वारंवारतांवर त्याचा विलंब २ × रोध × धारिता इतका असतो. ७.५ किलोओहम आणि ४.७ नॅनोफॅरड घेतल्यास ७०.५ मायक्रोसेकंद, म्हणजे ध्वनीच्या २.४ सेंटिमीटर प्रवासाइतका विलंब मिळतो. संरक्षक कपॅसिटरचे १२ अंशही भरून काढायचे असल्याने निश्चित रेझिस्टरऐवजी २२ किलोओहमचा प्रीसेट बसवावा आणि शून्य-चाचणीतील ध्वनी किमान होईपर्यंत तो फिरवावा. त्यानंतर प्रीसेटचे मूल्य मोजून तेवढ्याच मूल्याचा रेझिस्टर लावावा आणि ट्वीटरच्या तारा पुन्हा सरळ करण्यास विसरू नये.

८. मर्यादा

क्रॉसओव्हर सर्व दोषांवरील उपाय नव्हे. २२ सेंटिमीटर रुंद पेटीत सुमारे ५०० हर्ट्झच्या खाली ध्वनी पेटीच्या मागेही पसरू लागतो आणि समोरची पातळी उतरते; त्याची भरपाई वेगळ्या मंडलाने करावी लागते. स्पीकरचा स्वतःचा प्रतिसाद छेद वारंवारतेच्या आसपास सपाट नसेल, तर विद्युत फिल्टर अचूक असूनही ध्वनीची बेरीज चुकते. आज हे सारे अंकीय संकेत-प्रक्रियकाने अधिक सुलभतेने साधता येते. विलंब, उतार आणि सुधारणा संगणकाच्या पडद्यावरून बदलता येतात. केवळ उत्तम ध्वनिक्षेपक हवा असणाऱ्याने तो मार्ग अवश्य पत्करावा. परंतु विलंबाचा आकडा पडद्यावर भरणे आणि प्रीसेट फिरवताना समोरचा स्वर विरून जाताना ऐकणे, यांत शैक्षणिकदृष्ट्या अंतर आहे.

९. समारोप

सक्रिय क्रॉसओव्हरचा प्रकल्प एका सत्रात पूर्ण होण्याजोगा आहे. त्यात बहुपदींचे अवयव आहेत, ऑप-ॲम्पचा सिद्धांत आहे, तरंगांचे व्यतिकरण आहे आणि श्रवणाची कसोटीही आहे. म्हणून गणित, भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगीत या विभागांनी तो एकत्रितपणे हाती घ्यावा असे सुचवावेसे वाटते. मापन झाल्यावर अखेरची परीक्षा संगीताच्या प्राध्यापकांकडे सोपवावी. डोळे मिटून तंबोरा ऐकताना जवारीचा झंकार खालच्या आणि वरच्या अशा दोन ठिकाणांहून येतो की एकाच जागेतून, एवढेच त्यांना विचारावे. त्यांचे उत्तर आणि शून्य-चाचणीचे वाचन यांची नोंद विद्यार्थ्याने प्रयोगवहीत शेजारी-शेजारी करावी. दोन्ही जुळली, तर कला ही संज्ञा त्याला पुन्हा पाठ करावी लागणार नाही.